सप्टेंबर १९९१ची यादी: कुठून ऐकायला लागायचं आणि 'महिन्याचे आवडते' कसे निवडायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दर महिन्याला नव्याने आलेल्या संगीतातून आवडते अल्बम आणि गाणी निवडून स्वतःची यादी ठेवायची आहे. हात बसावा म्हणून तुम्ही एक जुना, गाजलेला महिना घेतलात, सप्टेंबर १९९१. त्या महिन्याचे म्हणून जेवढे अल्बम सापडले तेवढे आठवडाभरात ऐकून काढलेत आणि आता डोक्यात नुसता कल्ला आहे. निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड'मध्ये लोकांना एवढं काय दिसतं ते कळलं नाही, म्हणून स्वतःच्याच कानांवर शंका यायला लागली आहे. शिवाय साध्या इअरफोनवर हे सगळं ऐकलं तर चालतं का, असंही विचारलंत.

कानांची काळजी सोडा. डझनभर अल्बम आठवड्यात ऐकले की कुणाच्याही डोक्यात कल्लाच उरतो. मी स्टुडिओत मिक्सिंग करतो, मुद्रित झालेले आवाज आणि वाद्यं एकमेकांत जुळवून बसवतो, म्हणजे पोटापाण्यासाठी दिवसभर ऐकतो, आणि मलाही एका दिवसात दोनपेक्षा जास्त नवे अल्बम नीट ऐकता येत नाहीत. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. महिना संपला की यादीही संपली पाहिजे, असं तुम्ही धरून चाललाय. सप्टेंबर १९९१ हाच महिना हे गृहीतक मोडायला उत्तम आहे, म्हणून उत्तर त्याच्याच आधाराने देतो.

आधी काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या बोलून घेऊ. तुम्ही आजवर काय ऐकत आलात हे मला माहीत नाही. हिंदी-मराठी चित्रपटसंगीतावर कान तयार झाला असेल तर चाल आणि गळा आधी पकडाल, ताल आणि पोत नंतर. शास्त्रीय ऐकत असाल तर लांबी आणि संथपणाचा त्रास होणार नाही, पण गिटारचा गोंगाट अंगावर येईल. इंग्रजी शब्द धावत्या वेगात कळतात की नाही, हाही भाग आहे, विशेषतः रॅप ऐकताना. त्यामुळे खाली दिलेला क्रम माझा आहे. तुमचा वेगळा निघाला तर तुमचाच खरा.

आता महिन्याबद्दल. नवं संगीत महिन्याने येत नाही, ते कंपनीच्या वेळापत्रकाने येतं. १९८९पासून अमेरिकेत नवे अल्बम मंगळवारी दुकानात लागायचे, ब्रिटनमध्ये सोमवारी. जगभर एकच शुक्रवार हा प्रकार जुलै २०१५पासूनचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर ही नाताळच्या खरेदीआधीची सुगी, म्हणून मोठी नावं तेव्हाच उतरवली जातात. १७ आणि २४ सप्टेंबर १९९१ हे दोन मंगळवार एवढे भरगच्च का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

दुसरं म्हणजे एका गाण्याला एकच तारीख नसते. ते मुद्रित केव्हा झालं, सुटं गाणं म्हणून केव्हा आलं, अल्बममध्ये केव्हा आलं आणि लोकांच्या तोंडी केव्हा बसलं, या चार वेगळ्या तारखा असतात. 'नेव्हरमाइंड'वरचं 'पॉली' हे एप्रिल १९९०मध्ये मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण आहे. तेव्हा बँडचा ड्रमरही दुसरा होता, डेव्ह ग्रोल आलाच नव्हता. प्रायमल स्क्रीमचा 'स्क्रीमाडेलिका' २३ सप्टेंबरचा, पण त्यातलं 'लोडेड' १९९०च्या सुरुवातीपासून नाचघरांत वाजत होतं. गन्स अँड रोझेसचं 'सिव्हिल वॉर' आधीच्या वर्षी एका मदतनिधीच्या संकलनात येऊन गेलं होतं. उलट बाजूला रेड हॉट चिली पेपर्सचं 'अंडर द ब्रिज' बघा. अल्बम सप्टेंबरचा, पण हे गाणं सुटं निघालं मार्च १९९२मध्ये आणि अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मग ते कोणत्या महिन्याचं धरायचं? मी यावर साधा तोडगा काढलाय. अल्बमची यादी वेगळी, गाण्यांची वेगळी. अल्बमच्या यादीत दुकानात लागण्याची तारीख धरायची. गाण्यांच्या यादीत ते मला ज्या महिन्यात भेटलं तो महिना.

तारखा तपासून घ्या, हेही सांगून ठेवतो. सप्टेंबर १९९१च्या याद्यांमध्ये पर्ल जॅमचा 'टेन' हमखास घुसवलेला असतो, तो २७ ऑगस्टचा आहे. साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' २४ सप्टेंबरला येणार होता, प्रत्यक्षात आला ८ ऑक्टोबरला. त्यामुळे जुन्या जाहिराती बघून यादी केलेले लोक फसतात. ॲपवर तर आणखी गोंधळ, कारण तिथे बऱ्याचदा नव्या आवृत्तीचं वर्ष दिसतं. १९९१चा अल्बम २०११चा म्हणून समोर येतो. आणि त्या नव्या आवृत्त्या अनेकदा जास्त मोठ्या आवाजाच्या केलेल्या असतात, म्हणजे हळू आणि जोरकस भागांतला फरक दाबून टाकलेला. 'नेव्हरमाइंड' तुम्ही अशा आवृत्तीवर ऐकला असेल तर तुमच्या तक्रारीतला काही भाग तिथेच निकालात निघतो, कारण त्या अल्बमची अर्धी गंमत त्याच फरकात आहे. १९९१ची मूळ सीडी किंवा तिच्यावरून केलेली प्रत मिळाली तर ती ऐका.

आता कल्पना करा की तुम्ही ३० सप्टेंबर १९९१च्या रात्री ही यादी करायला बसलाय. पहिला क्रमांक कुणाला दिला असतात? बहुतेकांनी गन्स अँड रोझेसला दिला असता. 'यूज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग १७ तारखेला एकाच दिवशी आले, दोन्ही मिळून तीस गाणी. दुकानं मध्यरात्री उघडली होती. दुसरा भाग पहिल्या क्रमांकावर आणि पहिला भाग दुसऱ्या क्रमांकावर, अशी त्यांची अमेरिकेच्या यादीत एंट्री झाली. त्याच महिन्यात गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर उतरणारा पहिला कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताचा, अल्बम ठरला. यामागे एक तांत्रिक कारणही होतं. २५ मे १९९१पासून बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाने अल्बमची यादी साउंडस्कॅनच्या आकड्यांवर करायला सुरुवात केली होती, म्हणजे दुकानाच्या काउंटरवर स्कॅन झालेली प्रत्यक्ष विक्री. त्याआधी दुकानदारांना विचारून अंदाज बांधायचे. मोजणी बदलली आणि कंट्री, रॅप, हेवी मेटल किती खपतं ते एकदम उघडं पडलं.

या सगळ्यात 'नेव्हरमाइंड' कुठे होता? कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला सुमारे ४६ हजार प्रती पाठवल्या होत्या. अल्बम बिलबोर्डच्या यादीत आला १४४व्या क्रमांकावर. पहिला क्रमांक गाठला तो ११ जानेवारी १९९२च्या यादीत, मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून. सप्टेंबरअखेर यादी बंद करणाऱ्याच्या कागदावर तो बहुधा नसताच, आणि त्यात त्या माणसाची काही चूकही नसती.

आपल्याकडे तर हा महिना आणखी उशिरा उगवला. स्टार टीव्हीच्या उपग्रहावर एमटीव्ही एशिया सुरू झालं १५ सप्टेंबर १९९१ला, म्हणजे 'इल्यूजन'च्या दोन दिवस आधी. पण गल्लीतल्या केबलवाल्याने डिश लावून ते घरात पोहोचवायला पुढचं वर्ष-दोन वर्षं गेली. म्हणून माझ्या वयाच्या पुण्या-मुंबईकडच्या माणसाला 'इल्यूजन'मधलं 'नोव्हेंबर रेन' केव्हाचं असं विचारलंत तर तो ९२-९३ सांगेल, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यातली गिटार वाजवायचा प्रयत्न केला नाही असा गिटारवाला त्या काळात विरळाच.

आता तुम्ही विचारलंत ते, कुठून सुरू करू. माझं उत्तर: अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाच्या 'द लो एंड थिअरी'पासून. हाही २४ सप्टेंबरचाच.

कारण सांगतो. नवख्या कानाला एका वेळी एकच वाद्य धरता आलं पाहिजे, आणि हा अल्बम तशी सोय करूनच सुरू होतो. पहिलं गाणं 'एक्सकर्शन्स' लावा. सुरुवातीला फक्त बेस आहे, लाकडी, उभा, जाड तारांचा. त्यावर गटाचा रॅपर क्यू-टिप बोलायला लागतो, तेव्हाही खाली फक्त बेसच. काही ओळी तशाच जातात आणि मग ड्रम येतात. त्या क्षणी मान आपोआप हलते. ती का हलली हे कळण्यासाठी पहिलं मिनिट तीनदा ऐका. एकदा फक्त बेस, एकदा फक्त आवाज, एकदा ड्रम येतात ती जागा. तो बेस जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडच्या १९७३च्या ध्वनिमुद्रणातून उचललेला आहे. मूळ चलन तिहेरी आहे, यांनी ते चार मात्रांत आणून बसवलं. ऐकताना सांधा सापडतो का बघा, मला आजही सापडत नाही.

याच अल्बममध्ये 'व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट'वर बेसवादक रॉन कार्टर प्रत्यक्ष येऊन वाजवून गेलेत. जॅझमधला थोर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस, त्याच्या साठच्या दशकातल्या पंचकातले कार्टर. आणि अल्बम आल्यावर चारच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, माइल्स डेव्हिस गेला. मिक्सिंगवाला म्हणून माझी दाद या अल्बमचं मिक्सिंग करणाऱ्या बॉब पॉवरला जाते. जुन्या तबकड्यांतून उचललेले तुकडे, त्यांची खरखर, आणि त्यात एवढा स्वच्छ, एवढा खोल बेस ठेवणं १९९१च्या सामग्रीत सोपं नव्हतं. कुठलेही नवे स्पीकर लावले की मी पहिल्यांदा हा अल्बम वाजवतो. शब्द धावत गेले तर जाऊ द्या. गटाचा दुसरा रॅपर फाइफ आणि क्यू-टिप यांचे आवाज एकमेकांना कसे हात देतात एवढं ऐकलंत तरी पहिल्या फेरीला पुरे.

दुसरा रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक'. निर्माता रिक रुबिनने बँडला लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमधल्या एका जुन्या बंगल्यात नेऊन बसवलं आणि तिथेच मुद्रण केलं. ड्रमर चॅड स्मिथ तिथे मुक्कामाला राहिला नाही, घरून ये-जा करायचा. गिटारवादक जॉन फ्रुशान्ते तेव्हा २१ वर्षांचा होता. हा अल्बम सलग ऐकू नका, सतरा गाणी आणि ७० मिनिटांच्या वर आहे, कंटाळाल. मधे भरताडही आहे, माझं स्पष्ट मत. 'ब्रेकिंग द गर्ल' घ्या. सहाच्या चलनात आहे, आपल्या दादऱ्यासारखी मान डोलते, आणि मधल्या भागात आसपासचं भंगार आणून त्यावर वाजवलेला ताल आहे. मग 'अंडर द ब्रिज'. सुरुवातीची एकटी गिटार ऐका, ड्रम किती उशिरा येतो ते बघा, आणि शेवटच्या कोरसमध्ये फ्रुशान्तेची आई आणि तिच्या मैत्रिणी गातायत हे लक्षात ठेवून पुन्हा ऐका. बोटांचा, तारांचा, खोलीचा आवाज पुसलेला नाही. ॲपवर हल्ली येणाऱ्या गुळगुळीत मुद्रणांनंतर ही गोष्ट लगेच जाणवते.

तिसरा 'नेव्हरमाइंड', आणि तो तुम्हाला साधा का वाटला त्याकडे येतो. तो साधा वाटतो कारण पुढची दहा वर्षं सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली. कडवं दबक्या आवाजात, धृपद छत उडवणारं, ही मांडणी तुम्ही जाहिरातींपासून हिंदी रॉकपर्यंत शेकडो वेळा ऐकली आहे. मूळ ऐकायला तुम्ही नक्कल ऐकून आलात, तर ते ओळखीचं वाटणारच. ही मांडणी निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनचीही नव्हती, पिक्सीज या अमेरिकी बँडकडून घेतली असं तो स्वतः सांगायचा. त्याच आठवड्यात पिक्सीजचाही 'ट्रॉम्प ल मोंद' आला. गुरूंचा अल्बम फारसा कुणी विचारला नाही आणि १९९३मध्ये तो बँड मोडला.

तरी 'नेव्हरमाइंड'कडे परत जा, पण वाट बदलून. पहिलं गाणं सोडून द्या, ते तुमच्या कानात घासून गुळगुळीत झालेलं आहे. शेवटच्या 'समथिंग इन द वे'पासून सुरू करा. ते बँडसकट नीट जमत नव्हतं. कोबेन कंट्रोल रूमच्या सोफ्यावर आडवा होऊन हळू आवाजात गायला लागला, तेव्हा निर्माता बुच व्हिगने तिथेच माइक लावून मुद्रण केलं. बाकी वाद्यं नंतर त्याच्या सुराला जुळवून घेतली, आणि गिटारच नीट लावलेली नसल्याने चेलोवाल्याला सूर मिळवताना घाम फुटला. आवाज किती जवळ आहे ऐका. मग 'लिथियम'. तिथे शांत आणि जोरकस भागांतला फरक आणि ग्रोलचे ड्रम, एवढंच. कोबेनला एकच ओळ दोनदा गाऊन आवाज एकावर एक चढवणं आवडायचं नाही. बीटल्सचा जॉन लेननही असंच करायचा, असं सांगून व्हिगने त्याला पटवलं. हे माहीत झाल्यावर धृपदात एकाचे दोन कोबेन ऐकू यायला लागतात. शेवटचं मिक्स मात्र व्हिगचं नाही, अँडी वॉलेसचं. नंतर कोबेननेच ते फार चकचकीत झाल्याची कुरकुर केली. मला स्वतःला तो चकचकीतपणाच आवडतो, त्याच्याशिवाय ही गाणी रेडिओवर टिकली नसती.

चौथा, आणि माझ्या यादीत त्या महिन्याचा पहिला, टॉक टॉक या ब्रिटिश बँडचा 'लाफिंग स्टॉक'. सहा रचना, पाऊण तासाच्या आत. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत अनेक महिने खिडक्या झाकून, घड्याळं काढून, अंधारात मुद्रण चाललं होतं. येऊन गेलेल्या वादकांचं बरंचसं वादन शेवटी टाकून दिलं. अल्बम सुरू होतो तेव्हा काही सेकंद नुसती ॲम्प्लिफायरची सूं ऐकू येते, मग गिटारचा एखादा सूर. तानपुरे जुळेपर्यंत गप्प बसायची सवय असलेल्या आपल्याकडच्या श्रोत्यांना हा अल्बम जड जाऊ नये. 'आफ्टर द फ्लड'मध्ये मधे एक चिरकलेला सूर मिनिटभर धरून ठेवलाय. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा काहीतरी बिघडलंय असं वाटेल. चौथ्यांदा ऐकाल तेव्हा तो संपू नये असं वाटेल, निदान माझं तसं झालं. खपाच्या दृष्टीने अल्बम आपटला. बँडने त्यानंतर काही काढलं नाही.

बाकीच्यांबद्दल आटोपतं घेतो. 'स्क्रीमाडेलिका' पार्टीत किंवा रात्रीच्या प्रवासात ऐका, सलग. पुढच्या वर्षी सुरू झालेला ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार पहिल्यांदा यालाच मिळाला. 'इल्यूजन'च्या तीस गाण्यांतून एक चांगला अल्बम निघतो, दोन नाही: 'नोव्हेंबर रेन', 'एस्ट्रेंज्ड', 'सिव्हिल वॉर', 'डोन्ट क्राय' आणि आणखी चार-पाच. ऑझी ऑस्बर्नचा 'नो मोअर टिअर्स' मेटलची आवड असेल तरच. गार्थ ब्रुक्स मला लागत नाही, तो माझ्या कानाचा दोष समजा.

चालू महिन्याची यादी करताना मी हेच सगळं वापरतो. महिन्यात सहा-सात अल्बमच घेतो. पहिल्यांदा काम करताना, स्वयंपाक करताना लावतो, आणि काय कानाला अडकलं ते कागदावर एका ओळीत लिहितो. क्रमांक नाही, तारे नाहीत. फक्त 'तिसऱ्या गाण्यातला बेस' असलं काहीतरी. अडकलं तेच दुसऱ्यांदा बसून ऐकतो, एकेक वाद्य धरून. मग दोन आठवडे हात लावत नाही. त्यानंतर मनात काय परत वाजतं ते यादीत जातं. आणि तीन महिन्यांनी ती यादी पुन्हा उघडतो. त्या वेळी एखादा 'नेव्हरमाइंड' आत येतो आणि एखादा 'इल्यूजन' खाली सरकतो. खाडाखोड राहू द्या, नवा कागद घेऊ नका, कारण सहा महिन्यांनी तुमचा कान कुठून कुठे सरकला ते त्या खाडाखोडीतच दिसतं. वर्षभर असं केलंत तर दुसऱ्यांच्या याद्या वाचायची गरज आपोआप कमी होते. कुणाच्या यादीवर कितपत भरवसा ठेवायचा तेही कळायला लागतं.

राहिला इअरफोनचा प्रश्न. वायरचे साधे इअरफोन 'नेव्हरमाइंड' आणि 'ब्लड शुगर'साठी पुरेसे आहेत. 'द लो एंड थिअरी' मात्र त्यांवर अर्धाच ऐकू येतो. ओळखीत कुणाकडे मोठे स्पीकर असतील तर तासाभरासाठी तिथे जा, नाहीतर गाडीत ऐका, गाडीतला बेस बहुधा बरा असतो. 'लाफिंग स्टॉक'साठी महागडं काही लागत नाही. पंखा बंद करा, रात्री अकरानंतर लावा आणि आवाज मध्यम ठेवा. पहिल्या रचनेत आवाज फार कमी वाटला तरी वाढवू नका, पुढे दुसऱ्या रचनेत गिटार अंगावर येते.